फ्रंटिअरवरच्या अमेरिकन शेतकऱ्याचं घराणं शोधताना: आधी जमीन, मग माणूस

साधारण १७७० ते १८५० या काळात फ्रंटिअरवर, म्हणजे वस्तीच्या पश्चिमेकडे सरकणाऱ्या कडेला, ॲपलाचियन डोंगर ओलांडून केंटकी, टेनेसी, ओहायो, इंडियाना, इलिनॉय असे पश्चिमेकडे सरकत गेलेले शेतकरी कागदावर क्वचितच सापडतात. जन्माची सरकारी नोंद नाही, मृत्यूची नाही, बाप्तिस्म्याची बऱ्याचदा नाही. थडग्यावर दगड असलाच तर ओढ्यातून उचललेला, बिनअक्षरी. त्यात दर आठ-दहा वर्षांनी बिऱ्हाड हलायचं. अशा माणसाचं नाव शोधयंत्रात घालून बसलं की दोन गोष्टी हाती लागतात: एकतर काहीच नाही, नाहीतर त्याच नावाचे चाळीस जण.

तरीही माग लागतो, कारण या माणसाला जमीन हवी होती आणि कागदाशिवाय ती टिकत नव्हती. सातबारा, फेरफार, चतुःसीमा हे शब्द ज्यांच्या घरात ऐकू येतात त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. सासर किंवा माहेर अमेरिकन असलेल्या मराठी घरांतून हे काम बऱ्याचदा हौसेने अंगावर घेतलं जातं. त्यांनी नाव शोधण्याआधी शेत शोधावं.

उदाहरणासाठी थॉमस लिंकन घेऊ. अब्राहम लिंकनचा हा बाप केंटकी-इंडियानातला शेतकरी आणि सुतार होता. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून त्याचे कागद खणून काढले गेले. एरवी त्याचे कागद शेजाऱ्यांच्या कागदांसारखेच आहेत आणि त्यात नवख्याला लागणाऱ्या जवळपास सगळ्या ठेचा आहेत.

पहिली पायरी: १८५० पर्यंत मागे या

आपल्यापासून एकेक पिढी मागे जा. अमेरिकन जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी लोकांना खुली होते. सध्या १९५० पर्यंतची पाहता येते. वंशावळीच्या नोंदी असलेल्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे, ॲन्सेस्ट्री या पैसे घेणाऱ्या संकेतस्थळाची वर्गणी पहिल्या दिवशी भरू नका.

प्रत्येक जनगणनेचा उपयोग वेगळा. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आई-वडील कुठल्या राज्यात जन्मले ते मिळतं. पश्चिमेकडे सरकलेल्या घराण्यासाठी हा रकाना सोन्यासारखा आहे. १८९० जवळपास नाहीच: १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि तिचे बहुतेक कागद गेले. १८८० ते १९०० ची ही वीस वर्षं शहरांच्या पत्तापुस्तिका, कर-याद्या आणि वर्तमानपत्रं यांनी भरून काढावी लागतात.

१८५० हा उंबरठा आहे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, धंदा आणि जन्माचं राज्य पहिल्यांदा याच जनगणनेत येतं. नातं मात्र लिहिलेलं नाही. एका छताखाली साठीचा पुरुष, पंचविशीची बाई आणि तीन मुलं दिसली की ती त्याचीच बायको-मुलं असं धरू नका. विधवा मुलगी आणि नातवंडंही असू शकतात.

त्याच वर्षीची शेतीची वेगळी यादी आवर्जून पाहा. त्यात लागवडीखालची आणि पडीक जमीन, शेताची किंमत, घोडे, दुभत्या गाई, डुकरं, मका आणि गहू किती बुशेल (धान्याचं माप), हे सगळं येतं. वर्षाला १०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं तिच्यात नाहीत. तेव्हा नाव नसलं म्हणजे तो शेतकरी नव्हता असं नाही. मृत्यूचीही वेगळी यादी आहे: १ जून १८५० च्या आधीच्या बारा महिन्यांत कोण, कशाने गेलं याची.

दुसरी पायरी: रकान्यांवरून वय काढणं

१७९० ते १८४० च्या याद्यांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. नवखे इथे हात टेकतात. खरं तर इथे गणित केलं की बरंच निघतं.

समजा प्रमुख पुरुष १८२० मध्ये २६ ते ४४ च्या रकान्यात आहे आणि १८३० मध्ये ५० ते ५९ च्या. पहिल्यावरून जन्म १७७५ ते १७९४ मधला, दुसऱ्यावरून १७७० ते १७८० मधला. दोन्हींत बसतात ती वर्षं १७७५ ते १७८०. वीस वर्षांचा पट्टा पाच वर्षांवर आला. थॉमस लिंकनचा जन्म १७७८ चा धरतात, तो यात नेमका बसतो. असंच प्रत्येक मुला-मुलीचं करा: कागदावर आडव्या ओळीत जनगणनेची वर्षं, उभ्यात रकाने. कोण कधी दिसेनासं झालं हेही त्यातच कळतं.

१८२० च्या यादीत एक खड्डा आहे. १६ ते १८ वयाच्या मुलग्यांना वेगळा रकाना दिला होता, पण तीच मुलं १६ ते २५ च्या रकान्यातही मोजलेली असतात. दोन्ही बेरजेत घेतलेत तर घरात नसलेला एक मुलगा तुम्ही जन्माला घालाल. १८४० ची दोन्ही पानं बघा. उजव्या पानावर लष्करी पेन्शन घेणाऱ्यांची नावं आणि वयं लिहिलेली असतात आणि बरेच लोक डावं पान उतरवून थांबतात.

काही राज्यांच्या याद्याच उरलेल्या नाहीत. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या नाहीत, ओहायोची १८१० ची जवळजवळ नाही. तिथे पुढच्या पायरीवरच्या कर-याद्या जनगणनेचं काम करतात.

तिसरी पायरी: काउंटीची वंशावळ

माणसाच्या आधी काउंटीची वंशावळ काढावी लागते. काउंटी म्हणजे आपला तालुका म्हणा. वस्ती वाढली की तिचे तुकडे पडत. व्हर्जिनियाने १७८० मध्ये आपल्या केंटकी काउंटीचे तीन तुकडे केले: जेफरसन, लिंकन, फेएट. १७९२ मध्ये केंटकी वेगळं राज्य झालं आणि मग तुकड्यांचे तुकडे पडत राहिले. शेतकरी जागचा न हलता वीस वर्षांत तीन काउंट्यांत राहिलेला असू शकतो आणि जुने कागद मूळ काउंटीच्या कोर्टहाऊसमध्येच असतात. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचा नकाशासंग्रह फुकट उपलब्ध केला आहे. दर कागदापाशी त्या तारखेचा नकाशा पाहायची सवय लावा.

थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाचा कागद कितीतरी वर्षं सापडत नव्हता, कारण ज्या हार्डिन काउंटीत ते राहत तिथे तो शोधला जात होता. लग्न झालं होतं वॉशिंग्टन काउंटीत. तिथल्या कोर्टात तो १८७८ मध्ये निघाला. तोवर राष्ट्राध्यक्षाच्या आई-बापांचं लग्नच झालं नव्हतं, अशी कुजबुज चाललेली होती. लग्न बहुधा मुलीकडच्या काउंटीत होत असे, म्हणून तिथे आधी पाहावं.

चौथी पायरी: कर-याद्या, ओळीने, एकही वर्ष न गाळता

कंटाळवाणं, पण सगळ्यात जास्त फळ देणारं काम हे. व्हर्जिनियात जमिनीच्या आणि जंगम मालमत्तेच्या कराच्या याद्या १७८२ पासून आहेत. केंटकीच्याही चांगल्या टिकल्या आहेत. केंटकीच्या यादीत माणसाचं नाव, किती एकर, कोणत्या ओढ्यावर, मूळ नोंद आणि सनद (सरकारने मालकी दिल्याचा कागद) कोणाच्या नावावर, २१ वर्षांवरचे पुरुष किती, १६ ते २१ चे किती, घोडे किती, गुलाम किती, असे रकाने भेटतात.

वाचायचं असं. मुलगा ज्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या नावाने दिसतो त्या सुमारास तो २१ चा झाला. बापाच्या नावापुढचा २१ वर्षांवरचा आकडा एकाने वाढतो आणि दोन वर्षांनी त्याच आडनावाचा नवा करदाता उगवतो, हा मुलगा वेगळा निघाल्याचा पुरावा आहे. पुरुषाच्या जागी अचानक बाईचं नाव आलं तर तो वारला असावा. त्याच वर्षीच्या मृत्युपत्रांच्या वहीकडे वळा. नाव गेलं आणि एकरांचा आकडा दुसऱ्याच्या नावावर दिसला, तर मध्ये खरेदीखत आहे.

एखादं वर्ष सापडलं की पुढच्या दहाव्या वर्षाकडे उडी मारायचा मोह होतो. तो टाळा, कारण माणूस गेल्याचं वर्ष नेमकं मधल्या पानांतच असतं. यादी फिरून केलेली असेल आणि त्यापुढे तारखा असतील, तर एकाच दिवशी नोंदलेली माणसं शेजारी असतात. त्यांची नावं उतरवून ठेवा, पुढे लागतील.

पाचवी पायरी: जमिनीचे दोन प्रकार

इथे थोडं थांबू, कारण सगळं काम या पायरीवर उभं आहे.

मूळच्या तेरा वसाहती आणि त्यांच्यातून निघालेली केंटकी, टेनेसी, व्हर्माँट, मेन, वेस्ट व्हर्जिनिया ही राज्यं, शिवाय टेक्सस आणि हवाई, यांनी आपली जमीन स्वतः वाटली. ओहायो, इंडियाना, इलिनॉयपासून पुढे पश्चिमेकडची जमीन मात्र केंद्र सरकारने मोजून विकली. दोन्हींचे कागद वेगळ्या जागी आणि वेगळ्या भाषेत आहेत.

राज्यांच्या जमिनीची हद्द चतुःसीमेसारखी सांगतात: अमुक ओढ्याच्या मुखाशी पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून उत्तर ४५ अंश पूर्व १२० पोल हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून शेजाऱ्याच्या कडेने, असं करत पुन्हा ओकपाशी. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. रॉड आणि पर्च ही त्याचीच नावं. चार पोलांची एक साखळी, ६६ फुटांची. १६० चौरस पोलांचा एक एकर. आपला गुंठा ३३ फूट लांब-रुंद, म्हणजे दोन पोल गुणिले दोन पोल. म्हणूनच एकराला बरोबर ४० गुंठे येतात. मापाच्या बाबतीत केंटकी आणि कोल्हापूर एकाच साखळीला बांधलेले आहेत.

ही हद्द कागदावर काढून पाहा. कोनमापक आणि पट्टी पुरते. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशावर १०० पोल म्हणजे जवळपास २१ मिलिमीटर. त्याच प्रमाणात पारदर्शक कागदावर आकृती काढा आणि ओढ्याच्या वळणावर सरकवत बसवा. आकृती थोडी फिरवावी लागेल, कारण मोजणी होकायंत्राने झाली आणि चुंबकीय उत्तर तेव्हापासून काही अंश सरकली आहे. शेवटची रेघ सुरुवातीला येऊन मिळत नसेल तर बहुधा कारकुनाने नक्कल करताना एक ओळ गाळली आहे किंवा उत्तरेऐवजी दक्षिण लिहिली आहे. एकेक दिशा उलटून पाहिली की चूक सापडते. मग शेजाऱ्यांचे तुकडे तसेच काढून जोडले की गावकीचा नकाशा तयार होतो. एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायला याच्याइतकं खात्रीचं साधन नाही.

केंटकीत एका जमिनीचे चार कागद होतात: वॉरंट, म्हणजे इतके एकर घेण्याचा हक्क, एंट्री, म्हणजे अमुक जागेवर दावा, मग मोजणी, मग सनद. चारही पाहा. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे बरेचसे आहे. थॉमसचा बाप कॅप्टन अब्राहम लिंकन याचं ४०० एकरांचं वॉरंट मार्च १७८० चं आहे आणि त्यात आडनाव ‘लिंकहॉर्न’ असं लिहिलं आहे. जसं कानावर पडलं तसं उतरवलं. लाँग रन ओढ्यावरची त्याची मोजणी १७८५ ची. त्या कागदावर साखळी धरणारे म्हणून हनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन अशी नावं आहेत. साखळी ओढायला माणूस घरातली नाहीतर शेजारची पोरं घेऊन जायचा. मोजणीच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली ही नावं बहुतेक जण वाचतच नाहीत.

केंटकीत एकाच जमिनीवर तीन-तीन दावे चढलेले असत, आणि हीच गोंधळाची जागा संशोधकाच्या फायद्याची आहे. थॉमसने १८०३ मध्ये मिल क्रीकवर २३८ एकर ११८ पौंडांना घेतले, १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंगचं शेत २०० डॉलरना, मग नॉब क्रीकला गेला. मालकीचे घोळ पाठ सोडेनात. नॉब क्रीकवर तर बेदखलीचा दावा लागला. केंटकी सोडण्याचं मुख्य कारण जमिनीच्या मालकीतल्या अडचणी, असं पुढे मुलाने स्वतः लिहून ठेवलं आहे. जमिनीचे खटले म्हणून मुद्दाम काढून वाचा. म्हातारे शेजारी शपथेवर सांगतात की अमक्याला मी व्हर्जिनियापासून ओळखतो. असं वाक्य दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही.

केंद्राच्या जमिनीत झाडं-ओढे येत नाहीत. १७८५ च्या कायद्याने सहा मैल चौरस टाउनशिप आखली, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. १७९६ च्या कायद्यापासून क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन नांगराच्या तासांसारखे उलटसुलट जातात आणि आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपतात. थॉमसची इंडियानातली जमीन: सेक्शन ३२ चा नैऋत्य चतकोर, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, म्हणजे आधाररेषेपासून दक्षिणेला चौथी आणि मूळ रेखावृत्तापासून पश्चिमेला पाचवी टाउनशिप. १६० एकर.

त्याच्या कागदांच्या तारखा बघा. कुटुंब इंडियानात आलं डिसेंबर १८१६ मध्ये. विन्सेन्सच्या जमीन कचेरीत नोंद झाली १५ ऑक्टोबर १८१७ ला. तेव्हा दर एकरी २ डॉलर, पैसे हप्त्याने. ३२० डॉलरचा चौथा हिस्सा ८०, त्यातले १६ त्या दिवशी आणि ६४ डिसेंबरात. पुढचे हप्ते जड गेले. अखेर पूर्वेकडचा अर्धा भाग त्याने परत केला आणि उरलेल्या ८० एकरांची सनद १८२७ मध्ये मिळाली. फक्त सनद पाहणारा म्हणेल की तो १८२७ मध्ये इंडियानात आला. चूक दहा वर्षांची.

दर आणि किमान तुकडा कधी काय होता हे लक्षात ठेवलं की कागद बोलू लागतो. १८०० मध्ये किमान ३२० एकर, १८०४ पासून १६०. १८२० मध्ये उधारी बंद होऊन रोखीने एकरी सव्वा डॉलर आणि किमान ८० एकर. १८३२ पासून ४०. फुकटची होमस्टेड जमीन १८६३ पासून, १६० एकर, पाच वर्षं कसून दाखवली तर. होमस्टेडच्या फायलीत घर केवढं, विहीर किती खोल, मुलं किती, परदेशी असेल तर नागरिकत्वाचा कागद, एवढं सगळं असतं. रोखीच्या फायलीत पावतीपलीकडे फारसं काही नसतं. सनदा केंद्राच्या जमीन व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, फायली राष्ट्रीय अभिलेखागारातून पैसे भरून मागवाव्या लागतात. संकेतस्थळावर नावाने शोधून झालं की नावाचा रकाना मोकळा सोडून फक्त सेक्शन-टाउनशिप-रेंज घाला. आजूबाजूच्या सगळ्या सनदा येतात, आणि त्यांत बायकोचा भाऊ नाहीतर केंटकीचा जुना शेजारी भेटतो. सनदेवर राष्ट्राध्यक्षाची सही पाहून हरखून जाऊ नका. १८३३ पासून ती सही त्याच्या वतीने सचिव करत असे.

ओहायोत एक अपवाद लक्षात ठेवा. सायोटो आणि लिटल मायामी या नद्यांमधला पट्टा व्हर्जिनियाने आपल्या सैनिकांसाठी राखला होता. तिथे चौकोनी सेक्शन सापडणार नाहीत, हद्दी ओकाच्या झाडांनीच सांगितलेल्या आहेत.

आणि ही जमीन विक्रीला आली कुठून? आधी मूळ रहिवाशांकडून तहाने, बहुधा पराभवानंतर, काढून घेऊन. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने ओहायोचा दक्षिण आणि पूर्व भाग सुटला, म्हणून तिथल्या नोंदींची गर्दी त्यानंतरची. आपल्या काउंटीची जमीन कोणत्या तहाने आली ते पाहा. त्याआधीची केंद्राची सनद कोणी सांगत असेल तर शंका घ्या.

खरेदीखतांतले बारकावे

काउंटीत दोन सूची असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा. घेतल्याचा कागद आहे पण विकल्याचा नाही, तर जमीन वारशाने गेली. विकल्याचा आहे पण घेतल्याचा नाही, तर वारशाने किंवा सनदेने आली. एका खतात आठ-दहा विकणारे, त्यांतल्या बायकांची आडनावं वेगवेगळी आणि सोबत त्यांचे नवरे, असं दिसलं की थांबा: वारलेल्या बापाची सगळी लेकरं एका कागदावर मिळाली आहेत. सूचीत मात्र फक्त पहिल्या विकणाऱ्याचं नाव असतं, ‘आणि इतर’ एवढं जोडून. म्हणून जावयांच्या नावांनीही शोधावं लागतं.

पत्नीचा जमिनीतल्या एकतृतीयांशावर हयातीपुरता हक्क असे. म्हणून विक्रीच्या वेळी तिला नवऱ्यापासून वेगळं विचारून संमती घेत आणि तिचं नाव लिहीत. पहिल्या खतात मेरी, सहा वर्षांनी एलिझाबेथ, तर मधे दुसरं लग्न झालं असावं. एक डॉलर आणि ‘प्रेम व माया’ यांच्या बदल्यात दिलेली जमीन बहुतेक वेळा बापाने मुलाला किंवा जावयाला दिलेली असते. खत झालं ती तारीख आणि वहीत चढलं ती तारीख यांत वीस वर्षांचं अंतरही असतं, तेव्हा दोन्ही टिपा.

मृत्युपत्र, आणि ते नसेल तर

मृत्युपत्र मिळालं तर उत्तम, पण मृत्युपत्राविना गेलेल्यांचे कागद जास्त बोलके असतात: जामिनकी, मालाची यादी, लिलावाचा हिशेब, पालकनेमणूक, वाटप. लिलावात विधवा चरखा आणि गाय घेते, मुलगे नांगर घेतात. अनाथ म्हणजे बाप वारलेला, आई जिवंत असली तरी. चौदा पूर्ण झालेलं मूल स्वतः पालक निवडू शके, त्यावरून वय निघतं. ‘माझी सध्याची पत्नी’ या शब्दांवरून आधीची होती असं ठरत नाही. पाच शिलिंग ठेवलेला मुलगा नावडताच असेल असं नाही. त्याला जमीन आधीच दिलेली असू शकते. सीनिअर-ज्युनिअर हे बाप-लेकच असतील असंही नाही, एकाच गावात एका नावाचा थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ असे.

कायदा कोणत्या दिवशी कोणता होता याने घराण्याचं नशीब ठरायचं. कॅप्टन अब्राहम १७८६ च्या मे महिन्यात शेतावर मारला गेला, मृत्युपत्र न करता. व्हर्जिनियाने सगळी जमीन थोरल्याला देणारी पद्धत रद्द केली होती, पण अंमल १ जानेवारी १७८७ पासून होता. त्यामुळे जमीन थोरल्या मॉर्डेकायला गेली आणि आठ वर्षांचा थॉमस रिकामा राहिला. जुन्या व्हर्जिनियात एखादा मुलगा एकटाच बापाची जमीन विकताना दिसला तर तो थोरला असण्याचा संभव मोठा.

मृत्युपत्रांत आणि मालाच्या यादीत गुलाम केलेल्या माणसांची नावं, वयं आणि किमती येतात. ती तुमच्या कुळातली नसली तरी नीट उतरवा आणि जाहीर झाडावर जोडा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत बहुतेकांचं नाव नाही, फक्त मालकाखाली वय, लिंग, वर्ण. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जायला बहुधा हेच कागद उरतात.

लग्न, पेन्शन, चर्च

व्हर्जिनिया-केंटकीत लग्नाआधी ५० पौंडांचा जामीनरोखा लिहून देत. त्यावर दुसरी सही बहुधा मुलीच्या बापाची, भावाची नाहीतर पालकाची. रोख्याची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे. थॉमस-नॅन्सीचा रोखा १० जून १८०६ चा, लग्न १२ जूनचं.

स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन फायली न चुकवता पाहा. १८१८ चा कायदा गरिबांसाठी होता, १८२० पासून मालमत्तेची यादी जोडावी लागे: दोन भांडी, एक म्हातारी घोडी, अशा तपशिलाची. १८३२ च्या कायद्यात सहा महिने सेवा केलेले मिलिशियावालेही (स्थानिक नागरी सेनेतले) आले आणि म्हाताऱ्याने कोर्टात जन्मगाव, वय आणि तेव्हापासून कुठे कुठे राहिलो हे सांगायचं होतं. स्थलांतराचा सगळा रस्ता एका पानावर मिळतो. विधवांनी लग्नाच्या पुराव्यासाठी घरच्या बायबलची पानं फाडून जोडलेली आहेत. सैनिकी जमिनीची वॉरंटं मात्र सर्रास विकली जात. इलिनॉयची जमीन नावावर आली म्हणजे माणूस इलिनॉयला गेलाच, असं नाही.

चर्चचं पंथावर अवलंबून आहे. क्वेकर पंथाचे लोक एका सभेतून, म्हणजे स्थानिक मंडळीतून, दुसरीकडे जाताना दाखला नेत आणि दोन्हीकडे नोंद होई, हे घबाडच. बॅप्टिस्ट लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, तिथे जन्म शोधू नका. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन घरांत तीन भाऊ योहान नावाचे दिसतात. हाक मारायचं नाव दुसरं असतं. पुढे त्सिमरमनचा कार्पेंटरही झालेला असतो. १७५२ आधीच्या इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि क्वेकरांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

अक्षरवाचनात दोन गोष्टी पुरत्या ध्यानात ठेवा. जुना लांब ‘एस’ इंग्रजी ‘एफ’सारखा दिसतो, म्हणून जेसीचा जेफ्सी होतो. आणि ‘जे-एन-ओ’ हे जॉनचं संक्षिप्त रूप आहे, जोनाथनचं नव्हे. बायकांत पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट.

कोर्टहाऊस जळालं असेल तर

व्हर्जिनियाच्या बकिंगहॅम काउंटीचं दप्तर १८६९ मध्ये जळालं, हॅनोव्हरचं बरंचसं १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत. तरी कर-याद्यांची प्रत राज्याकडे गेलेली असते, सनदा राज्याच्या किंवा केंद्राच्या, पेन्शन केंद्राची. आगीनंतर लोकांनी घरातली खतं आणून पुन्हा नोंदवली, म्हणून नंतरच्या वह्यांत जुन्या तारखा शोधा. शेजारची काउंटी तर पाहायचीच.

माग अडतो तेव्हा माणूस सोडून त्याच्या भोवतालची माणसं धरा: साक्षीदार, जामीन, साखळी धरणारे, लिलावात माल घेणारे, यादीतले शेजारी. फ्रंटिअरवर एकटं कुटुंब क्वचितच जायचं. नातेवाईक, शेजारी, एका चर्चची माणसं मिळून जात. तुमच्या माणसाचं मूळगाव लिहिलेलं नसेल, पण त्याच्या जामीनदाराचं असेल. फॅमिलीसर्चचा नवा पूर्ण-मजकूर शोध इथे कामाला येतो. हस्तलिखित खतांच्या आतली, सूचीत नसलेली नावंही तो शोधतो. अक्षरं चुकीची वाचतो, म्हणून नावाची चार-पाच रूपं घालून पाहा.

डीएनए शेवटी घ्या. आडनावाच्या सलग पुरुष वंशासाठी बापाकडून मुलाकडे जाणारा वाय-डीएनए उत्तम: दोन घराणी एक की वेगळी, याचा निकाल लागतो. सर्वसाधारण चाचणी पाच पिढ्यांपलीकडे लुळी पडते. पणजोबांच्या पणजोबांचा काही अंश तुमच्यात आला असेल, पण तो जुळणीत दिसेलच असं नाही.

कहाण्यांचं काय करायचं

‘तीन भाऊ जहाजातून आले’ आणि ‘पणजी चेरोकी (मूळ रहिवाशांची एक जमात) राजकन्या होती’ या दोन कहाण्या इतक्या घरांत आहेत की त्या लिहून बाजूला ठेवाव्यात. १८८० च्या सुमारास छापलेले काउंटी-इतिहास वर्गणीदारांच्या पैशावर निघाले. ज्याने पैसे भरले त्याचा आजा शूर ठरला. थडग्यांच्या संकेतस्थळावर दगडाचा फोटो नसेल तर ती नोंद म्हणजे कोणाचं तरी मत समजा. इतरांची ऑनलाइन झाडं दिशा म्हणून वापरा आणि प्रत्येक जोडाला विचारा: हा याचा मुलगा, हे कोणता कागद म्हणतो?

पण घरची आठवण टाकाऊही नसते. अब्राहम लिंकनने १८५९ मध्ये लिहिलं की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून १७८१-८२ च्या सुमारास केंटकीला आले आणि वर्षा-दोन वर्षांत मारले गेले. त्यांच्याआधीची मंडळी क्वेकर होती आणि पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून आली होती. न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स वगैरे ईशान्येकडची राज्यं) लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण एनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावं दोन्हीकडे आहेत, यापलीकडे काही हाती लागलं नाही. मृत्यूचं वर्ष चुकलेलं, दोन्ही काउंट्या बरोबर, आणि ज्या नावांच्या सारखेपणावर त्याने भरवसा ठेवला नाही तोच खरा धागा निघाला. कॅप्टन अब्राहमचा आजा, हाही मॉर्डेकायच, याने पुढे बर्क्स झालेल्या भागात केलेल्या मृत्युपत्रात मुलगा जॉनला न्यू जर्सीतली जमीन ठेवली होती. त्या जमिनीवरून पेन्सिल्व्हेनियातून न्यू जर्सी आणि तिथून मॅसॅच्युसेट्सच्या हिंगमपर्यंत, १६३७ मध्ये आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत वाट लागली.